बाल्कार्सेचा मेकॅनिक

फॉर्म्युला वनच्या गप्पा निघाल्या की आपल्या हॉस्टेलवर शूमाकर मोठा की हॅमिल्टन यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं चालतात. दोघांची विश्वविजेतेपदं सात-सात, त्यामुळे निकाल काही लागत नाही. पण मी पडलो मेकॅनिकलचा. माझा हिरो तिसराच आहे, आधी मेकॅनिक आणि मग ड्रायव्हर झालेला. त्याचं नाव हुआन मॅन्युएल फँजिओ. त्याने पाच विजेतेपदं मिळवली आणि हा आकडा ओलांडायला शूमाकरला २००३ साल उजाडावं लागलं.

फँजिओ जन्मला २४ जून १९११ रोजी, अर्जेंटिनातल्या बाल्कार्से गावात. बटाट्याच्या शेतीचं गाव. घराणं इटलीहून आलेलं, वडील गवंडीकाम करायचे. शाळा अर्धवट सोडून पोरगं गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागलं. पाय जरा फेंगडे, म्हणून मित्रांनी नाव पाडलं ‘एल चुएको’, म्हणजे फेंगड्या. ते नाव त्याला जन्मभर चिकटलं. (पाडलेली नावं कशी चिकटतात, हे हॉस्टेलवाल्यांना काय सांगायचं!)

पुढे त्याने गावातच स्वतःचं गॅरेज टाकलं आणि शर्यतींत उतरला. त्या काळच्या दक्षिण अमेरिकेतल्या शर्यती म्हणजे ट्रॅकवरच्या फेऱ्या नव्हेत. १९४० साली ब्युनोस आयर्स ते लिमा आणि परत, अशी सुमारे ९,५०० किलोमीटरची शर्यत त्याने शेव्हरलेट गाडीने जिंकली. धुळीचे रस्ते, अँडीज पर्वत, आणि वाटेत काही मोडलं तर ड्रायव्हर व त्याच्या जोडीदारानेच ते दुरुस्त करायचं. गाडी किती सोसते आणि कुठे मान टाकते, हे तो तिथे शिकला.

त्याची किंमतही त्याने मोजली. १९४८ मध्ये अशाच एका लांब शर्यतीत पेरू देशात रात्रीच्या वेळी त्याची गाडी रस्ता सोडून कोसळली आणि जोडीदार डॅनिएल उर्रुतिया गेला. १९५१ साली, वयाच्या चाळिशीत, फँजिओ अल्फा रोमिओच्या गाडीतून पहिल्यांदा विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी दुसरा धडा मिळाला. आदल्या दिवशी उत्तर आयर्लंडमध्ये शर्यत, पॅरिसहून पुढचं विमान मिळेना, म्हणून हा गडी रात्रभर गाडी हाकत इटलीत मॉन्झाला पोचला आणि तसाच शर्यतीत बसला. दुसऱ्याच फेरीत गाडी उलटली, हा बाहेर फेकला गेला, मानेचं हाड मोडलं. उरलेलं वर्ष घरी बसावं लागलं.

आता त्या ट्रॅककडे येऊ, ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग. आयफेलच्या डोंगरात १९२५ ते १९२७ दरम्यान बांधलेला. एक फेरी जवळजवळ २२.८ किलोमीटरची आणि वळणं दीडशेहून जास्त. चढ-उतार असे की काही ठिकाणी चारही चाकं जमीन सोडतात. कडेला कुंपणाची झुडपं, चर आणि पलीकडे झाडं. १९५४ साली याच ट्रॅकवर सरावात ओनोफ्रे मारिमॉन हा तरुण अर्जेंटिनी ड्रायव्हर मसेराती गाडीसह उतारावरून खाली गेला आणि मेला. फँजिओ त्याला धाकट्या भावासारखं सांभाळायचा. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर फँजिओ मर्सिडीझमध्ये बसला आणि शर्यत जिंकला. मनात काय चाललं असेल, कल्पनाच करवत नाही.

४ ऑगस्ट १९५७. पुन्हा तोच ट्रॅक. या वेळी फँजिओकडे मसेराती २५० एफ, म्हणजे मारिमॉन गेला त्याच मॉडेलची गाडी. वय ४६. समोर फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, दोघंही तिशीच्या आतले. एकूण २२ फेऱ्या, ५०० किलोमीटर. फेरारीवाले टाकी भरून, न थांबता जाणार होते. फँजिओचा हिशोब वेगळा. अर्धी टाकी, मऊ टायर, गाडी हलकी. सुरुवातीला आघाडी घ्यायची आणि मध्ये एकदा थांबून टायर-पेट्रोल घ्यायचं.

बाराव्या फेरीनंतर तो थांबला तेव्हा आघाडी अर्ध्या मिनिटाची होती. पण पिटमध्ये मेकॅनिकांची गडबड उडाली आणि आघाडी तर गेलीच, उलट तो पाऊण मिनिटाच्या आसपास मागे पडला. पहिल्या एक-दोन फेऱ्या नवे टायर बसेपर्यंत तो बेताने चालला. फेरारीला वाटलं, शर्यत खिशात.

आणि मग त्याने सोडली! नेहमी ज्या गिअरमध्ये वळण घ्यायचा, त्याच्या वरच्या गिअरमध्ये घ्यायला लागला. फेरीमागून फेरी विक्रम तुटत गेला. विसाव्या फेरीला वेळ लागला ९ मिनिटं १७.४ सेकंद, म्हणजे ताशी सरासरी १४७ किलोमीटर. १९५६ चा त्याचा स्वतःचाच विक्रम होता ९ मिनिटं ४१.६ सेकंद. मित्रांनो, आता कॅल्क्युलेटर काढा. वेग वाढला साधारण ४ टक्के. पण वळणावर टायरला लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रत्येक वळणावर तेवढाच वेग वाढला असं धरलं, तर पकड लागली जवळजवळ ९ टक्के जास्त. ती आणायची कुठून? जी कायम हातची राखून ठेवलेली असते, त्यातूनच.

एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला, मग हॉथॉर्नला गाठलं आणि शर्यत ३.६ सेकंदांनी जिंकली. पाचवं विश्वविजेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं. दोघे इंग्रज हरूनही त्याचं कौतुक करत होते.

मला खरा फँजिओ मात्र त्यानंतर दिसतो. त्या दिवशीसारखी गाडी आपण आधी कधी चालवली नव्हती आणि पुन्हा चालवायची इच्छा नाही, असं तो पुढे सांगायचा. नंतर दोन रात्री त्याला झोप लागली नाही. बाकी सारं आयुष्य तो लागेल तेवढ्याच वेगाने जिंकत आला होता. हातची राखलेली शिल्लक त्या दिवशी संपली, हे दुसऱ्या कुणी नाही, त्यानेच ओळखलं. ती त्याची शेवटची ग्रां प्री जीत ठरली. जुलै १९५८ मध्ये फ्रान्समधल्या रेम्सची शर्यत संपवून तो थांबला. ५१ शर्यतींत २४ विजय. त्या रेम्सच्या शर्यतीतच लुईजी मुस्सो गेला. पुढच्या महिन्यात कॉलिन्स नुर्बुर्गरिंगवर गेला. हॉथॉर्न त्या वर्षी विश्वविजेता झाला, निवृत्त झाला आणि जानेवारी १९५९ मध्ये साध्या रस्त्यावर कार अपघातात गेला.

फँजिओ नंतर अर्जेंटिनात मर्सिडीझचा व्यवसाय बघत राहिला. १९८६ साली बाल्कार्सेत त्याच्या नावाचं म्युझियम उघडलं. १७ जुलै १९९५ ला तो वारला, वय ८४.

आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी पोरगं प्लास्टरमधल्या हाताने सबमिशन लिहितं. हायवेवर स्पीडोमीटरचा काटा कुठवर जातो ते बघायचं असतं ना! फँजिओकडून शिकायचं तर काट्याच्या आधी टायर बघावा, रस्ता बघावा, आपली झोप झाली आहे का ते बघावं. पाच वेळा जग जिंकलेला माणूस या गोष्टी बघत होता. आपण तर अजून थर्मोचा बॅकलॉग काढतोय.