एक्स-वाय लाइनचा बाप

ई.डी. म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. पाठीला मिनी ड्राफ्टर, हातात गुंडाळलेली शीट आणि रात्री दोन वाजता ही लाइन डॉटेड का हा यक्षप्रश्न! हे ज्याच्यामुळे आपल्या मागे लागलं, त्या गास्पार मोंजला फर्स्ट इयरला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे शिव्याही इंग्लिशमध्येच!)

मोंज १७४६ साली फ्रान्समधल्या बोन गावी जन्मला. वडील फिरते व्यापारी. पोराने स्वतःच उपकरणं बनवून अख्ख्या गावाचा नकाशा काढला. तो बघून त्याला मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग स्कूलमध्ये नोकरी मिळाली. पण घराणं सरदारांचं नाही, म्हणून ऑफिसर न होता साधा ड्राफ्ट्समन! तिथे त्याला किल्ल्याचं एक गणित दिलं. शत्रूच्या तोफांपासून आतला भाग लपायला तटबंदी कुठे, किती उंच हवी? लोकांना आकडेमोडीला खूप वेळ लागायचा. याने ड्रॉइंग काढून झटपट उत्तर आणलं. इतक्या लवकर शक्यच नाही म्हणून साहेब आधी बघायलाच तयार नव्हते!

युक्ती आपलीच, एच.पी. आणि व्ही.पी. वस्तूची दोन चित्रं, एक वरून, एक समोरून, एकाच कागदावर एकमेकांशी जुळवलेली. त्यातून दगड घडवणाऱ्याला, सुताराला खरी लांबी, खरा कोन मिळायचा. ही पद्धत अनेक वर्षं लष्करी गुपित होती. १७९५ मध्ये मोंजने ती पॅरिसमध्ये खुलेपणाने शिकवली. इंजिनिअर आणि कारागीर यांची भाषा एक व्हावी ही त्याची तळमळ.

हे मला कधी पटलं? मिनी प्रोजेक्टच्या शाफ्टवर एका स्टेपची लांबी लिहायची मी विसरले. टर्नर काकांनी बिचाऱ्यांनी प्रिंटवर पट्टी लावून माप घेतलं, आणि प्रिंट स्केलला नव्हती. जॉब भंगारात. काका काही बोलले नाहीत, पण चूक शंभर टक्के माझी होती. शीट मी मार्कांसाठी काढली होती, त्यांच्यासाठी नाही.

मोंज नेपोलियनचा मित्र. नेपोलियन पडल्यावर १८१६ मध्ये त्याला अकादमीतून काढलं. १८१८ मध्ये तो गेला, तेव्हा एकोल पॉलितेक्निकच्या मुलांना अंत्ययात्रेला जायला बंदी होती. हे कॉलेज उभारण्यात त्याचाच हात होता. मुलं नंतर त्याच्या कबरीवर गेलीच.

आता मी शीट सबमिट करण्याआधी एकदा टर्नर काकांच्या नजरेने बघते. मित्रांनो, तुम्हीही बघा!