हवेचा हिशेब मांडणारा डॉक्टर

मोठ्या रुग्णालयांत जिथे ऑक्सिजनचे सिलिंडर, नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर आणि त्यांच्या नळ्या एकत्र येतात, त्या खोलीच्या दाराबाहेर हल्ली एक छोटा डिस्प्ले बसवलेला दिसतो. त्यावर दिवसरात्र एकच आकडा असतो: २०.९. हा खोलीतल्या हवेतल्या ऑक्सिजनचा टक्का. आकडा बदलत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. बदलला, तर मात्र आत पाऊल टाकण्याआधी तो बघितला की नाही यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

श्वास घेण्याजोगी हवा नाकाने वा डोळ्याने ओळखता येत नाही, ती मोजावीच लागते, हे वैद्यकशास्त्राला ज्यांनी पटवून दिले त्यांत जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे नाव सर्वात आधी घ्यावे लागेल. आपल्याकडे त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन अधिक परिचित आहेत. ते १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. पण वडिलांचे काम दवाखान्यात, खाणीत आणि गटारात आजही रोज उपयोगी पडते.

जॉन स्कॉट यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरो येथे एका सुखवस्तू स्कॉटिश घराण्यात झाला. तिथल्याच विद्यापीठातून १८८४ साली ते डॉक्टर झाले. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉननी दवाखाना थाटला नाही, राजकारणातही ते गेले नाहीत. डंडी शहरात एका रसायनशास्त्रज्ञाबरोबर काम करताना त्यांनी गरिबांच्या एका खोलीच्या घरांतली आणि शाळांतली हवा तपासायला घेतली. माणसे झोपलेली असताना रात्री घरोघर जाऊन हवेचे नमुने गोळा करायचे आणि प्रयोगशाळेत त्यातला कार्बन डायऑक्साइड व जंतू मोजायचे, असा हा उद्योग होता. पुढे गटारांची हवाही त्यांनी तपासली. गटारातला वास म्हणजेच रोग, अशी त्या काळची समजूत होती. वास आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना मोजमापातून दिसू लागले.

नंतर ते ऑक्सफर्डला गेले. तिथे सहकाऱ्याबरोबर त्यांनी हवाबंद पेटीत स्वतःला कोंडून घेण्याचे प्रयोग केले. कोंदट खोलीत जीव घाबरा होतो तो श्वासातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याशा गूढ विषामुळे, असे तेव्हा मानले जाई. प्रयोगातून दिसले की दम लागतो तो साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. पेटीतला हा वायू शोषून घेण्याची सोय केली, की ऑक्सिजन कमी होत असूनही माणसाला फारसा दम लागत नाही. ही दुसरी गोष्ट अधिक भयंकर होती. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

कोळशाच्या खाणीत त्या काळी शेकडो माणसे हवेपायी मरत. जुन्या, बंद पडलेल्या बोगद्यांत एक हवा साठे. तिच्यात दिवा विझे आणि माणूस कोसळे. खाणकामगार तिला विषारी वायू समजत. हॉल्डेन यांनी १८९५ साली तिचे पृथक्करण केले, तेव्हा ती बहुतांशी नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड निघाली. म्हणजे बाहेरून विष आलेले नव्हते. कोळशाने आणि इतर खनिजांनी हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकला होता आणि मागे उरलेली हवा तिथे साचली होती.

त्यावरून दिव्याचा उपयोगही नेमका कळला. तेलाची वा मेणबत्तीची ज्योत साधारण १७ टक्के ऑक्सिजनला विझते. तेवढ्यावर माणूस शुद्धीवर असतो आणि चालत माघारी फिरू शकतो. म्हणजे दिवा हा ऑक्सिजनचा साधा मापकच होता. आपल्याकडे जुनी शेतकरी मंडळी विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघत, त्यामागे हेच शास्त्र आहे. मात्र पेटता वायू असेल तिथे उघडी ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. त्यामुळे आज हा उपाय कुणी करू नये.

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन इथल्या खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसे मेली. हॉल्डेन तिथे गेले, त्यांनी मृतदेह तपासले. बहुसंख्य माणसे स्फोटाच्या धक्क्याने वा आगीने मेलेली नव्हती. स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांना मारले होते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा शेकडो पटींनी घट्ट चिकटतो, त्याला वास नाही, रंग नाही. तो माणसावर कसा चढतो हे हॉल्डेन यांना आधीच माहीत होते, कारण त्यांनी तो स्वतः हुंगून, मधूनमधून आपलेच रक्त तपासून नोंदी केल्या होत्या. त्यांनी सुचवले, की बचावाला जाणाऱ्यांनी सोबत एखादा छोटा प्राणी न्यावा. लहान जिवाचा श्वासोच्छ्वास जलद, त्यामुळे विष त्याला आधी बाधते. पुढे पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी खाणीत आला तो यातून. ब्रिटनच्या खाणींत तो १९८६ पर्यंत टिकला. त्यानंतर त्याची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली.

मुलगा थोडा मोठा झाल्यावर ते त्यालाही खाणीत नेत. एकदा त्यांनी त्याला एका बोगद्यात उभे करून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. पडल्यावर मात्र त्याला बरे वाटू लागले. त्या बोगद्यात मिथेन होता. हा वायू हवेहून हलका असल्याने छताशी साठतो, जमिनीजवळची हवा बरी असते. आजच्या बापाने असला धडा देऊ नये, पण धडा पक्का आहे. कुठला वायू वर साठतो आणि कुठला खाली, हे कळल्याशिवाय मापक कुठे बसवायचा ते ठरत नाही.

१९०५ साली हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी श्वासोच्छ्वासाबद्दलचा आपला सर्वात महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. आपण किती जोराने श्वास घ्यायचा हे सर्वसाधारण स्थितीत ऑक्सिजन ठरवत नाही, कार्बन डायऑक्साइड ठरवतो. तो रक्तात जरा वाढला की मेंदू श्वास वाढवतो.

याचा व्यवहारातला अर्थ मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कळला. उन्हाळ्याच्या दिवसांत एका संध्याकाळी अपघात विभागात तिघांना आणले होते. पहिला विहिरीत मोटार बघायला उतरला होता, तो पडला म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. पहिले दोघे आणतानाच गेलेले होते, तिसरा वाचला. नातेवाईक पुनःपुन्हा एकच विचारत होते, की गुदमरले असतील तर ओरडले का नाहीत. उत्तर हॉल्डेन यांच्या शोधात होते. नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने भरलेल्या हवेत शरीर कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर टाकत राहते. त्यामुळे गुदमरल्याची जाणीवच होत नाही. ऑक्सिजन १४-१५ टक्क्यांवर आला की विचार मंदावतो, आणि बिघडलेला विचार स्वतःचा बिघाड ओळखत नाही. १० टक्क्यांच्या खाली शुद्ध हरपते. जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, तिथे दोन-चार श्वास पुरतात. कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तर धाप लागते खरी, पण शिडीवर असलेल्या माणसाला तेवढ्यात वर येता येत नाही.

हॉल्डेन यांचे काम इथे थांबले नाही. १९०८ साली त्यांनी बकऱ्यांवरील प्रयोगांच्या आधारे पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर आणण्याचे कोष्टक दिले. १९११ साली ते अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर सहकाऱ्यांसह काही आठवडे राहिले. तिथेही हवेत ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो. कमी झालेला असतो तो हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन. १९१५ साली जर्मनांनी ईप्र इथे क्लोरीन सोडला, तेव्हा सरकारने हॉल्डेन यांनाच फ्रान्सला धाडले. त्यांनी वायू ओळखला आणि संरक्षक मुखवट्यांच्या कामाला हात घातला. वायूने फुप्फुसे जळालेल्या सैनिकांसाठी त्यांनी मोजून, सलग आणि मुखवट्यातून ऑक्सिजन देण्याचे उपकरण तयार केले. ऑक्सिजन हे औषध आहे, म्हणून त्याचा डोस मोजून द्यावा, हा आज आम्हाला साधा वाटणारा विचार त्यातून रुजला.

या सगळ्या कामामागे त्यांचे काचेचे एक उपकरण होते. हवेचा मोजून घेतलेला नमुना आधी पोटॅशच्या द्रावणातून न्यायचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. मग पायरोगॅलॉलच्या द्रावणातून न्यायचा, म्हणजे ऑक्सिजन शोषला जातो. प्रत्येक वेळी आकारमान किती घटले ते वाचायचे. पद्धत अतिशय अचूक होती, पण नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागे. मघाशी हवा कशी होती ते तिच्यातून कळे. आत्ता कशी आहे, हे आत उतरणाऱ्या माणसाला कळत नसे.

भिंतीवर कायम बसवलेला आजचा मापक नेमके तेच सांगतो. त्याच्या आत बहुधा एक छोटा रासायनिक सेल असतो. हवेतला ऑक्सिजन बारीक छिद्रातून वा पडद्यातून आत झिरपतो, आतल्या शिशाशी त्याची क्रिया होते आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात वीज तयार होते. सोबतचा ट्रान्समीटर तिचे रूपांतर ४ ते २० मिलिअँपियरच्या प्रवाहात करून लांबच्या पॅनेलला पाठवतो. मापकाची कक्षा २५ टक्क्यांपर्यंत असेल तर ४ म्हणजे शून्य ऑक्सिजन, २० म्हणजे २५ टक्के, आणि चांगल्या हवेत प्रवाह साधारण १७.४ असतो. शून्यासाठीही ४ ठेवण्यात शहाणपण आहे. तार तुटली तर प्रवाह खरोखर शून्य होतो, आणि ऑक्सिजन संपला की तार तुटली, हे पॅनेलला वेगळे ओळखता येते.

सहसा १९.५ टक्क्यांच्या खाली आणि २३.५ च्या वर भोंगा वाजेल असे लावतात. वरची मर्यादा ऑक्सिजनच्या खोलीसाठी महत्त्वाची, कारण ऑक्सिजन वाढलेल्या हवेत कपडे आणि तेलकट चिंध्या भराभर पेटतात. मापकाची जागाही वायू बघून ठरते. थंड नायट्रोजनची वाफ खाली बसते, एमआरआय यंत्रातला हेलियम छताकडे जातो. आकडा मात्र दाराबाहेर दिसला पाहिजे. आत जाऊन वाचायचा मापक म्हणजे पडल्यावर मिळणारी सूचना.

या उपकरणाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, सेलमधले शिसे वापर असो वा नसो, हवेत झिजतच राहते. अनेक सेल साधारण दोन वर्षांत बदलावे लागतात. झिजलेला सेल कमी आकडा दाखवतो, भोंगा उगाच वाजतो आणि मग कुणीतरी तो बंद करून टाकते. एका ठिकाणी मी भोंग्याची तार काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली पाहिली आहे. दुसरी, मापक २०.९ वर लावायचा तो मोकळ्या, स्वच्छ हवेत किंवा प्रमाणित वायूवर. खोलीतली हवा आधीच बिघडलेली असताना तिलाच २०.९ म्हटले, तर मापक पुढे खोटे बोलत राहतो. शून्याची खात्री नायट्रोजन देऊन करतात. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, ऑक्सिजनचा मापक विष ओळखत नाही. हवेत ०.२ टक्के कार्बन मोनॉक्साइड मिसळला तर तो जीव घेऊ शकतो, पण ऑक्सिजन तेवढ्याने ०.०४ टक्केच घटतो. गटारात वा सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइडसाठी आणि पेटत्या वायूसाठी वेगळे मापक हवेतच. दिवा आणि कॅनरी दोन्ही सोबत नेत, ते याचसाठी.

भोंगा वाजला तर करायचे एवढेच: बाहेर पडा, इतरांना रोखा, शक्य असल्यास बाहेरूनच पंखा सुरू करा. आत कुणी पडलेले असले, तरी हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेले उपकरण अंगावर असल्याशिवाय कुणीही उतरू नका. साधा रुमाल वा मास्क इथे काही कामाचा नाही.

हॉल्डेन शेवटपर्यंत काम करत राहिले. पंचाहत्तरीत ते इराण-इराककडे गेले, तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांना उष्माघात का होतो ते बघायला. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. खाणीत उतरणारा, गटार साफ करणारा, कारखान्यात राबणारा माणूस कुठल्या हवेत श्वास घेतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

आपल्याकडे विहिरी, सेप्टिक टँक आणि गटारे यांत माणसे अजूनही तशाच ओळीने मरतात, एकामागून एक. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, मापक बाजारात मिळतात, आणि त्यामागचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. पुढच्या वेळी कुणाला असे खाली उतरवण्याचा विषय निघाला, तर आधी एकच विचारा: हवा मोजली का?