कै. गणेश वासुदेव मावळणकर : लोकसभेचे पहिले सभापती आणि नेमबाजांचे आद्य अध्यक्ष

ज्ञातीच्या वार्षिक अंकात थोर पुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा जुनी आहे. पूर्वजांचा अभिमान मिरविणे एवढाच तिचा हेतू नसून, पुढील पिढीने त्या चरित्रांतून काही उचलावे, हा तिचा खरा उद्देश होय. कै. दादासाहेब मावळणकर यांचे नाव निघताच लोकसभेचे पहिले सभापती ही त्यांची ओळख आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु याच गृहस्थांनी १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षपद भूषविले, ही गोष्ट आपल्या कित्येक घरांतून अद्याप ठाऊक नाही. महात्माजींचा अनुयायी, वारंवार तुरुंगवास भोगलेला सत्याग्रही, आणि तोच रायफलधाऱ्यांचा अग्रणी! हा मेळ कसा बसावा, अशी शंका कोणासही येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर त्यांच्या चरित्रातच सापडते.

मावळणकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील, संगमेश्वराजवळच्या मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण राजापूर वगैरे ठिकाणी झाले आणि १९०२ साली पुढील शिक्षणासाठी ते अहमदाबादेस गेले. १९०८ साली गुजरात कॉलेजातून पदवी घेऊन, पुढे मुंबईच्या लॉ स्कूलमधून १९१२ साली कायद्याची परीक्षा ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १९१३ पासून अहमदाबादेस त्यांनी वकिली आरंभिली. घरी मराठी आणि बाहेर गुजराती, अशा दोन्ही भाषांत ते सारख्याच सहजतेने वावरले. गुजरातने त्यांना परके मानले नाही आणि त्यांनीही कोकणाशी असलेले नाते सोडले नाही.

अहमदाबादेतच सरदार पटेल व महात्मा गांधी यांच्याशी त्यांचा निकट संबंध आला. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. १९२१-२२ मध्ये ते गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस होते. अहमदाबाद नगरपालिकेत १९१९ पासून ते अनेक वर्षे सभासद राहिले आणि दोन वेळा तिचे अध्यक्षही झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना जो कारावास घडला, त्याची एकूण मुदत सहा वर्षांच्या घरात जाते. कारागृहात भेटलेल्या कैद्यांच्या कहाण्या त्यांनी गुजरातीत लिहून ठेविल्या. गुन्हेगारातही माणूस पाहणारी त्यांची दृष्टी त्या लेखनातून प्रकट झाली आहे.

आता मूळ शंकेकडे वळू. १८७८ च्या शस्त्रास्त्रांच्या कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी प्रजेस निःशस्त्र केले होते. परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा, आणि परवाना मिळणे हे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर! हे बंधन राष्ट्राचा अपमान आहे, अशी राष्ट्रीय पुढाऱ्यांची भावना होती. अहिंसेचे उपासक असलेल्या महात्माजींनी १९३० च्या जानेवारीत सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेविल्या, त्यांत लोकांच्या नियंत्रणाखाली आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यातही नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केलेला आहे. सारांश, सत्याग्रह्याने शस्त्र न उचलणे आणि परक्या सत्तेने त्याच्या हातून शस्त्र काढून घेणे, या दोन गोष्टी अगदी भिन्न होत. पहिल्यात संयम आहे, दुसऱ्यात केवळ दास्य आहे. हे ध्यानी घेतले म्हणजे दादासाहेबांच्या दोन भूमिकांत विरोध उरत नाही.

स्वातंत्र्य आले, पण चार पिढ्या बंदुकीस स्पर्शही न केलेल्या समाजास तिचा जबाबदारीने वापर शिकविणार कोण? केवळ सैन्याने हे काम होण्यासारखे नव्हते. नेमबाजीचा खेळ लोकप्रिय करावा आणि नागरिकांस आत्मरक्षणापुरते शस्त्र हाताळण्याचे शिक्षण द्यावे, या हेतूने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेच्या आसनावरील पुरुष तिच्या अध्यक्षस्थानी असल्यामुळे, हे काम शिकाऱ्यांच्या वा संस्थानिकांच्या विरंगुळ्याचे नसून नागरिकत्वाच्या शिक्षणाचे आहे, हे सर्वांस कळून चुकले. १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. त्याच वर्षी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये बंगालचे हरिहर बॅनर्जी भारतातर्फे रायफल घेऊन उतरले.

रायफल क्लबांचे काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले आहे. उत्तर हिंदुस्थानातील हिवाळ्यात एखाद्या रविवारी पहाटे चांदमारीच्या मैदानावर जाऊन पाहावे, म्हणजे त्या कामाचे मोल कळते. धुके उतरलेले असते. सेवानिवृत्त सैनिक, जुने नेमबाज, एखादे शिक्षक असे चारदोन लोक विनावेतन येऊन लक्ष्याचे कागद लावतात, सतरंज्या अंथरतात आणि नवशिक्यांस रांगेत बसवून प्रथम बंदुकीचे नव्हे, तर नियमांचे पाठ देतात. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे ठेवावे, नेम धरल्याखेरीज चापावर बोट नेऊ नये, बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. थांबण्याचा हुकूम होताच प्रत्येकाने बंदूक उघडून खाली ठेवावी आणि पुढे कोणी लक्ष्याजवळ गेलेला असेल तोवर तिला हातही लावू नये.

मग पालथे झोपून, पट्टा दंडाला आवळून, पन्नास मीटरवरील कागदावर नेम धरावयाचा. त्या कागदावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. थंडीने बोटे बधिर झाली म्हणजे चापावर किती दाब पडला हे कळेनासे होते. अंग कापू लागले की पुढची माशी मागच्या खाचेत ठरत नाही, आणि उच्छ्वासाच्या वाफेने नजर अंधुक होते. थंड हवेत काडतुसाचा वेगही किंचित उतरतो व गोळी थोडी खाली लागते. म्हणून जाणते शिक्षक मुलांना घाई करू देत नाहीत. हात उबदार ठेवा, अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबा, नेम ढळला तर चाप न ओढता बंदूक उतरवा आणि पुन्हा आरंभ करा, असे ते परोपरीने सांगतात. न झाडलेली गोळी हीसुद्धा नेमबाजाची कमाईच असते, हे ज्या मुलाच्या मनावर त्या गारठ्यात बिंबले, त्याच्या हाती शस्त्र देण्यास भय नाही.

हाच संयम दादासाहेबांच्या सभापतिपदात दिसून येतो. १९३७ ते १९४६ ते मुंबई विधानसभेचे सभापती होते. १९४६ च्या जानेवारीत मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी जिंकली. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने शंकर शांताराम मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी त्यांची निवड केली. सरकारी आश्वासनांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीसारख्या अनेक प्रथा त्यांच्याच कारकिर्दीत रुजल्या. सभागृहास डावलून वटहुकूम काढण्याची सवय लोकशाहीस घातक आहे, हे त्यांनी खुद्द पंतप्रधान नेहरूंस पत्रांद्वारे निक्षून कळविले. अधिकार हाती असला तरी तो प्रसंगावाचून वापरू नये, हाच त्या आग्रहाचा गाभा होता. १८ डिसेंबर १९५४ रोजी विरोधी पक्षाने त्यांच्यावरच अविश्वासाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, तथापि सभापतीसही जाब विचारता येतो, हा पायंडा त्या निमित्ताने पडला, आणि तोही लोकशाहीस पोषकच ठरला.

अतिश्रमाने त्यांचे हृदय दुर्बल झाले होते. १९५६ च्या जानेवारीत त्यांस हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांनी देह ठेविला. त्यांच्या रिकाम्या जागी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या, आणि पुढे १९७२ साली पुत्र पुरुषोत्तमराव यांनीही लोकसभेत पाऊल ठेविले. दिल्लीतील मावळणकर सभागृह त्यांच्या नावाची आठवण देते. परंतु त्यांचे अधिक जिवंत स्मारक म्हणजे त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय मावळणकर नेमबाजी स्पर्धा. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरची पायरी म्हणून ती देशभरच्या नेमबाजांस परिचित आहे.

त्यांनी लाविलेल्या रोपाचा वृक्ष केवढा झाला, हे सर्वांसमोर आहे. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक पटकाविले.

पदके थोड्यांच्या वाट्यास येतात, परंतु शिस्त सर्वांच्या वाट्यास येऊ शकते. आपल्या ज्ञातीतील कुटुंबांनी मुलामुलींस एखाद्या मान्यताप्राप्त रायफल क्लबात छऱ्याच्या बंदुकीपासून आरंभ करून धाडावे. वडीलधाऱ्यांनीही केवळ प्रेक्षक न राहता थंडीच्या एखाद्या सकाळी लक्ष्याचे कागद लावण्यास, नियम समजावून देण्यास, निदान गरम चहा पोहोचविण्यास पुढे यावे. दादासाहेबांच्या पुण्यतिथीस हार घालण्यापेक्षा ही सेवा त्यांच्या आत्म्यास अधिक संतोष देईल, यात संशय नाही. शक्ती आणि संयम एकाच हाती नांदू शकतात, हा त्यांच्या चरित्राचा बोध आपण घेऊ या.