महात्मा फुले : दुष्काळातल्या अन्नछत्रापासून शेतातल्या बांधापर्यंत

किन्हवलीच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि चैत्र-वैशाखात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत हंडे घेऊन बसतात. तानसा आणि भातसा याच तालुक्यात आहेत. पाणी मुंबईला जाते. आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, ते योग्यच आहे. पण पडलेला पाऊस जमिनीत कसा मुरवायचा, हे जोतीराव फुल्यांनी 1883 सालीच लिहून ठेवले, ही गोष्ट आपल्या बैठकांत क्वचितच निघते. 11 एप्रिलला फोटोला हार घालून आपण मोकळे होतो.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. 1848 साली भिडेवाड्यात सुरू केलेली मुलींची शाळा सर्वांना ठाऊक आहे. पाण्याशी त्यांचे नाते मात्र कमी सांगितले जाते. 1868 साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. चवदार तळ्याच्या 59 वर्षे आधी! बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत फुल्यांना गुरू मानले, त्यामागे अशा कृती होत्या.

1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीन वर्षांतच त्याची खरी परीक्षा आली. 1876 साली दख्खनवर पावसाने पाठ फिरवली. पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा जिल्ह्यांतली पिके करपली, गुरे मेली, माणसे गाव सोडून निघाली. पुढच्या दोन वर्षांत भारतभर या दुष्काळाने घेतलेल्या बळींचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. धान्य देशात नव्हते असे नाही. ते जहाजांनी विलायतेला जातच होते. 1 जानेवारी 1877 ला लॉर्ड लिटन दिल्लीत दरबार भरवत होता. त्याच महिन्यात रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे, इथवर खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे कसे पुरावे?

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधकांना गावोगाव पाठवले. धान्य आणि पैसा गोळा झाला, अन्नछत्रे उभी राहिली. धनकवडीला आईबापांपासून तुटलेल्या, उपाशी मुलांसाठी आश्रम काढला. 1877 च्या मे महिन्यात जोतीरावांनी त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन केले. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर भागात होत्या. सावकारांच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या सत्यशोधकांना अटक झाली, तेव्हा त्या थेट कलेक्टरला भेटल्या आणि त्यांना सोडवून आणले. हे त्यांनी एप्रिल 1877 मध्ये ओतूरहून नवऱ्याला पत्राने कळवले. मदतकार्य आणि संघर्ष त्यांनी वेगळे ठेवले नाहीत, हे आज नुसते धान्याचे किट वाटून फोटो टाकणाऱ्यांनी (त्यात आम्हीही आलोच) ध्यानात घ्यावे.

अन्नछत्रावर थांबले असते तर ते दयाळू गृहस्थ म्हणून उरले असते. जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते, शेतकरीही होते. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर त्यांनी स्वतः शेती केली. दगड, माती, पाणी हा त्यांचा रोजचा व्यवहार. म्हणून ‘शेतकऱ्याचा असूड’ मधल्या सूचना हवेतल्या नाहीत. सैन्य व पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजागी ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे डोंगरावरून पालापाचोळ्याचे सत्त्व घेऊन येणारे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानदीला मिळेल. डोंगरदऱ्यांत तळी बांधावीत, जुनी दुरुस्त करावीत. सरकारने पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा हुडकून काढाव्यात आणि स्वखर्चाने विहीर खोदणाऱ्याला बक्षीस द्यावे. नदीतळ्यातला गाळ गावकऱ्यांना पूर्वीप्रमाणे शेतात नेऊ द्यावा. जंगल खात्याने घशात घातलेली गायराने गावांना परत करावीत. कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीला बेताने मिळावे म्हणून तोट्या बसवाव्यात. पाणलोट, जलसंधारण हे शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हते.

यातली गायरानाची आणि जंगल खात्याची गोष्ट शहापूर-मुरबाडच्या कातकरी-ठाकूर वस्त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. बाकीच्या सूचनाही इथे लागू पडतात, फक्त एका फरकाने. पुण्याच्या पूर्वेकडच्या माळाला पाऊसच थोडा. आपल्याकडे भरपूर पडतो पण उतारावरून धावत खाडीला जातो. तेव्हा वरच्या अंगाला अडवणे इथे जास्तच निकडीचे.

पुस्तकाचे नशीब मात्र बरे नव्हते. लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने सुरुवातीची प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. घरच्याच पत्राने कच खाल्ली याचा जोतीरावांना संताप आला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांना त्यांनी मजकूर वाचून दाखवला होता. एक प्रत व्हाइसरॉयलाही धाडली. 1888 च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली, आणि 28 नोव्हेंबर 1890 ला देह ठेवला तेव्हा डाव्या हाताने पुरा केलेला ‘सार्वजनिक सत्यधर्म’ छापायचा राहिला होता.