डॉ. वसंत रामजी खानोलकर

वेदना ही देहाची शत्रू आहे असे आपण सामान्यतः समजतो. पायात काटा रुतला अथवा बोटाला निखारा लागला की आपण कळवळतो आणि वेदनेला दूषण देतो. परंतु ज्याला निखारा लागला तरी समजत नाही, त्या मनुष्याची स्थिती किती शोचनीय असेल, याचा विचार फारच थोडे लोक करतात. कुष्ठरोगाने, ज्यास पूर्वी महारोग म्हणत, ग्रासलेल्या अनेकांची स्थिती अशीच असते. त्यांची बोटे झडतात ती रोग ती खातो म्हणून नव्हे. बधिर झालेल्या हातापायांना झालेल्या जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात आणि त्यातून पुढील हानी होते. या रोगाचा घाला मुख्यतः मज्जातंतूंवर कसा पडतो, याचा ज्या संशोधकांनी चिकाटीने छडा लावला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी पुरुषाचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्यात आम्हांस आनंद वाटतो.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले आणि १९२३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या अवयवांत काय बिघाड केला हे पाहण्याचे शास्त्र. या शास्त्राचा अभ्यासक रोग्याच्या उशाशी क्वचितच दिसतो. कातडीचा अगर गाठीचा लहानसा तुकडा घ्यावा, त्याचे अतिशय पातळ काप काढावे, ते रंगवावे आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तासन् तास न्याहाळावे, असे त्याचे काम असते. रोगी बरा झाला म्हणजे तो आपल्या वैद्याचे नाव घेतो. पडद्याआड बसून रोग ओळखणाऱ्याचे नाव त्याच्या कानीही गेलेले नसते.

त्या काळी लंडनची पदवी घेऊन आलेल्या तरुण डॉक्टरास मुंबईत दवाखाना थाटणे कठीण नव्हते. द्रव्य व मानमरातब ही त्यामागोमाग चालत येत. खानोलकरांनी मात्र अध्यापनाची व संशोधनाची वाट धरली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळचे सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज या दोन संस्थांत त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. यांपैकी परळच्या कॉलेजासाठी देणगी देणाऱ्यांनी अशी अट घातली होती की, तेथील अध्यापक सरकारी चाकरीत नसलेले, सुविद्य हिंदी गृहस्थच असावेत. हिंदी मनुष्य उत्तम संशोधन करू शकेल की नाही, याविषयीच राज्यकर्त्यांच्या मनात शंका असण्याचा तो काळ होता. तिला उत्तर द्यावयाचे ते कामानेच देणे प्राप्त होते.

१९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद खानोलकरांकडे आले. परदेशी ग्रंथांत जे प्रश्न छापून आले होते तेच पुन्हा सोडवीत बसण्यात त्यांनी समाधान मानले नाही. आपल्या देशातील लोक काय खातात, काय नेसतात, तंबाखू कशी ओढतात, याकडे त्यांनी लक्ष वळविले. १९४५ साली त्यांनी व सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तंबाखू व चुना ओठात धरणाऱ्यांच्या खालच्या ओठाला, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला आणि कमरेस धोतर घट्ट कसून नेसणाऱ्यांच्या कमरेच्या कातडीला कर्करोग होतो, हे त्यात दाखविले होते. ज्या सवयी आपण रोज पाहतो आणि पाहूनही पाहत नाही, त्यांत शोधाचा विषय दडलेला असतो, याचा हा उत्तम दाखला होय.

याच वृत्तीने ते कुष्ठरोगाकडे वळले. नॉर्वे देशातील हॅन्सन या वैद्याने १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला होता आणि रोगात मज्जातंतू बिघडतात हेही विद्वानांस ठाऊक होते. परंतु रोगाचा अगदी आरंभ कसा होतो, हे कोडे सुटले नव्हते. खानोलकरांनी हातपाय वाकडे झालेल्या रोग्यांपेक्षा ज्यांच्या अंगावर नुकताच कोठे फिकट चट्टा उठला आहे, अशांच्या कातडीचा अभ्यास आरंभिला. कातडीत पसरलेल्या मज्जातंतूंच्या अतिसूक्ष्म फांद्यांत हे जंतू फार लवकर शिरकाव करून घेतात आणि तेथे गुपचूप राहतात, असे त्यांच्या निरीक्षणात आले. या आरंभीच्या चट्ट्यांविषयीचा त्यांचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. बाहेरून रोगाची ओळख पटण्यापूर्वीच आत मज्जातंतूत त्याने घर केलेले असू शकते, ही गोष्ट मोठ्या महत्त्वाची होती. कारण उपचार लवकर झाले तर हातपाय वाचतात.

कोपराच्या मागे ठेच लागली असता करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास असेल. तेथून जाणारा मज्जातंतू या रोगात पुष्कळदा सुजतो. मग करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते आणि हळूहळू आखडते.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि त्याची धुराही खानोलकरांनी वाहिली. तेथे बापट व कमल रणदिवे या सहकाऱ्यांसह त्यांनी, कुष्ठरोग्याच्या गाठीतून मिळविलेले जंतू मज्जापेशींच्या साहाय्याने काचपात्रात वाढविण्याचा प्रयत्न केला आणि त्याचे वृत्त १९५८ साली प्रसिद्ध केले. त्या जंतूंपासून पुढे एक लसही सिद्ध झाली. मात्र ते जंतू हॅन्सनच्या जंतूहून निराळे आहेत, असे नंतरच्या शास्त्रज्ञांनी ठरविले. खरा कुष्ठजंतू काचपात्रात वाढविणे आजतागायत कोणासही साधलेले नाही. यामुळे खानोलकरांच्या कीर्तीस बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. शास्त्राची इमारत एकाने रचावी आणि दुसऱ्याने तपासावी, अशाच रीतीने उभी राहते.

त्यांस पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान लाभला. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आमच्या प्रभूने कुष्ठरोग्यास हात लावून शुद्ध केले, तेव्हा लोकांनी टाळलेल्या माणसास त्याने प्रथम स्पर्श दिला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. नांदेडहून निजामाबादेच्या पुढे गेले की डिचपल्ली हे गाव लागते, तेथे डॉ. इझाबेल केर व त्यांचे पती यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. त्या सेवेची थोरवी आपण जाणतो. परंतु काचेच्या पट्टीवरील कातडीच्या कणाकडे वर्षानुवर्षे पाहत बसणे, हीही त्याच दुःखिताची सेवा आहे, हे खानोलकरांच्या चरित्रावरून ध्यानात यावे.

विद्यार्थ्यांनो, संशोधकाची कारकीर्द एका दिवसात उभी राहत नाही. खानोलकर पदवीधर झाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. कुष्ठरोगावरील त्यांचा अहवाल निघाला तेव्हा छप्पन्न वर्षांचे. मधल्या काळात त्यांनी शिकविले, पाहिले, टिपून ठेवले आणि आपल्यामागून येणाऱ्यांस तयार केले. तुमच्यापैकी कोणास मेंदूचा व मज्जातंतूंचा अभ्यास करावासा वाटला, तर आरंभी धन थोडे व श्रम फार, हे समजूनच पाऊल टाकावे. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने अथवा मुलीने दवाखान्याऐवजी प्रयोगशाळा पसंत केली, तर तिला वेड म्हणू नये.

आणखी एक गोष्ट घरोघरी सांगावी. अंगावर फिकट अथवा तांबूस चट्टा उठला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात यावरील औषध विनामूल्य मिळते. सहा महिने ते एक वर्ष ते नेमाने घेतले असता रोग पूर्ण बरा होतो. लाजेने लपविलेला चट्टा मात्र हात घेऊन जातो.