हरवत्या पॅरिसचा छायाचित्रकार : युजीन आत्जे

जुन्या छायाचित्रांच्या संग्राहकांमध्ये ज्यांच्या मूळ प्रतींना आज मोठे मोल आहे, ते युजीन आत्जे हयातीत मात्र जवळजवळ अज्ञातच राहिले. १८५७ साली फ्रान्समधील लिबूर्न येथे जन्मलेल्या आत्जे यांचे आई-वडील लहानपणीच वारले. जहाजावरील नोकरी झाली, नाटकातही उमेदवारी केली. पण जम बसला नाही आणि ते छायाचित्रणाकडे वळले.

जड लाकडी कॅमेरा घेऊन ते पॅरिसमध्ये पायपीट करीत. जुन्या गल्ल्या, पाडकामाच्या वाटेवरील वास्तू, दुकानांच्या दर्शनी बाजू, चिंध्या वेचणारे असे मावळते शहर त्यांनी टिपले. चित्रकार, ग्रंथालये आणि कार्नावाले संग्रहालय ही त्यांची गिऱ्हाइके. आपला माल कलाकृती नसून कलावंतांसाठीची संदर्भसामग्री आहे, अशीच त्यांची भूमिका होती.

आपल्यामागे हा ठेवा नष्ट होऊ नये, ही चिंता त्यांना होती. १९२० मध्ये त्यांनी काचेच्या २६२१ निगेटिव्ह फ्रेंच सरकारला १० हजार फ्रँकना विकल्या. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

उरलेला संग्रह १९२८ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार बेरेनिस अ‍ॅबट यांनी खटपटीने विकत घेतला. चार दशके तो सांभाळून त्यांनी आत्जे यांचे नाव जगापुढे आणले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो खरेदी केला. पोटासाठी विकलेल्या छायाचित्रांना कलेचा दर्जा लाभला, तो वेळीच पारख करणाऱ्या या ग्राहकामुळे.