मोशेच्या मृत्यूची गोष्ट मोशेनेच कशी लिहिली? हे उघडपणे विचारणारा स्पिनोझा

बायबलच्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे ‘अनुवाद’मध्ये, शेवटी मोशे मरतो. त्याची कबर कुठे आहे हे आजवर कुणाला ठाऊक नाही, असंही तिथे लिहिलंय. आता गंमत बघा, ही पहिली पाचही पुस्तकं खुद्द मोशेने लिहिली, असं ज्यू आणि ख्रिस्ती लोक शतकानुशतकं मानत आले होते. मग हे कुणी लिहिलं?

१२व्या शतकात अब्राहम इब्न एझ्रा या ज्यू पंडिताने अशा जागा आडून आडून दाखवल्या होत्या. स्पिनोझाने आडपडदा ठेवला नाही.

बारूख स्पिनोझा १६३२ साली ॲमस्टरडॅमला जन्मला. घरचे पोर्तुगालहून आलेले ज्यू व्यापारी. २७ जुलै १६५६ ला समाजाने त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. वय अवघं २३, आणि तोवर त्याचं एकही पुस्तक आलं नव्हतं! पुढे तो भिंगं घासायचं काम करू लागला.

१६७० मध्ये त्याचं ‘ट्रॅक्टाटस थिओलॉजिको-पॉलिटिकस’ आलं. त्यात त्याने बायबल वाचायची पद्धतच मांडली. आधी हिब्रू नीट समजून घ्या. एका विषयावरची सगळी वचनं एकत्र ठेवा. कोणी, कधी, कुणासाठी लिहिलं आणि पुस्तक आपल्यापर्यंत कसं पोहोचलं ते शोधा. मजकुराचा अर्थ काय, हा एक प्रश्न. तो खरा आहे का, हा दुसरा. दोन्हींची गल्लत नको.

उदाहरणार्थ, मोशे यार्देन नदीपलीकडे बोलला, असं ‘अनुवाद’ सांगतं. म्हणजे सांगणारा अलीकडे. पण मोशेने तर ती नदी कधी ओलांडलीच नाही! ही पुस्तकं कित्येक शतकांनी, बहुधा एज्रा शास्त्र्याने रचली, असं स्पिनोझाचं म्हणणं. एज्राचं नाव पुढच्या अभ्यासकांनी तसंच्या तसं स्वीकारलं नाही. प्रश्न मात्र तेच विचारले.

पुस्तकावर लेखकाचं नाव नव्हतं. छापलं ॲमस्टरडॅममध्ये, गाव टाकलं हॅम्बुर्ग. भीती उगाच नव्हती. त्याचा मित्र आद्रियान कूरबाख याने धर्मावर टीका करणारं पुस्तक सर्वांना कळेल अशा डचमध्ये लिहिलं आणि १६६९ मध्ये तो तुरुंगातच वारला. स्पिनोझाने लॅटिनमध्ये लिहिलं, डच भाषांतर निघतंय म्हटल्यावर १६७१ मध्ये ते थांबवायलाही सांगितलं. तरी १६७४ मध्ये बंदी आलीच.

१६७७ मध्ये, ४४व्या वर्षी तो हेगमध्ये गेला. मित्रांनी त्याच वर्षी त्याचं उरलेलं लिखाण छापलं. त्यात हिब्रूचं एक अर्धवट व्याकरणही होतं.